टोपीतली पुडी

आमच्या खात्याच्या भाषेत कैद्याला 'बंदी' म्हणतात. संध्याकाळी बराकींना कुलपं लावतात, तीही 'बंदी'. त्यामुळे परिपत्रकावर 'तंबाखूबंदी' वाचल्यावर आमचे सुभेदार म्हणाले, "साहेब, म्हणजे आता तंबाखूलाच आत टाकायचं?" सगळे खदखदून हसले. माझ्या ओठाखाली बार होता, म्हणून मी तोंड मिटून हसलो.

मुंबईतल्या एका कारागृहात मी तुरुंगाधिकारी आहे. कुठल्या ते लिहीत नाही, अजून नोकरी करायची आहे. गाव साताऱ्याकडचं. आजी सकाळी उठल्या उठल्या मिश्री लावायची, वडिलांच्या बंडीच्या खिशात चंची असायची. घरात एवढं असूनही मी मात्र कोरा होतो. येरवड्याला प्रशिक्षणात असताना रात्रपाळीला डोळा लागायचा. एका जुन्या हवालदारानं हातावर चिमूट ठेवली आणि म्हणाला, "धरा, झोप पळती का नाय बघा." झोप पळाली. त्याला आता 19 वर्षं झाली. ज्या दिवसांबद्दल लिहितोय तेव्हा माझं दिवसाला दोन पुड्यांचं प्रमाण होतं आणि रात्रपाळीला तिसरी.

आत तंबाखूला नियमात जागा असो नसो, व्यवहारात ती मोकळी होती. म्हणजे कुणी विचारत नव्हतं. झडतीत मोबाईल, ब्लेड, गांजा सापडला की पंचनामा. तंबाखूची पुडी सापडली की फार तर जप्त. कित्येकदा तीही झडती घेणाऱ्याच्याच खिशात जायची. कोर्टाच्या तारखेला गेलेला बंदी परत येताना बुटाच्या तळव्याखाली चपटी पुडी घेऊन यायचा. भिंतीवरून कधी चेंडू पडायचा, चिरून भरलेला आणि परत शिवलेला. आणि काही माल सरळ मोठ्या गेटमधून, आमच्यातल्याच कुणाच्या तरी डब्यातून यायचा. हे सगळ्यांना माहीत होतं. माहीत असणं आणि नोंदीत असणं या आमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एप्रिलच्या शेवटी बैठक झाली. 31 मे, जागतिक तंबाखूविरोधी दिन, त्या दिवसापासून कारागृहाच्या आवारात तंबाखू पूर्ण बंद. बंद्यांना, कर्मचाऱ्यांना, ठेकेदाराच्या माणसांना, वकिलांनाही. साहेबांनी न्यूझीलंडचं उदाहरण दिलं. तिथं 1 जुलै 2011 पासून सगळ्या तुरुंगांत धूम्रपान बंद केलं, आधी वर्षभर तयारी केली, बंद्यांना निकोटिनच्या पट्ट्या दिल्या. आमच्या हातात पाच आठवडे होते, आणि पट्ट्यांसाठी निधीचा रकाना नव्हता.

दुसरी अडचण मला तिथं बसल्या बसल्याच दिसत होती, पण बोललो नाही. बाहेरच्या देशांत प्रश्न धुराचा आहे. धूर दिसतो, वास येतो, पेटवायला काडी लागते. आपल्याकडे 2016-17 च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी 26.6 टक्के लोक तंबाखू वापरणारे निघाले आणि त्यात ओढणारे जेमतेम 3.8 टक्के. बाकी सगळा कारभार ओठाखालचा. त्याला ना धूर, ना आवाज. माणूस तुमच्यासमोर उभा राहून 'होय साहेब, नाही साहेब' करतो आणि तेव्हाही बार चालूच असतो. मी अधीक्षकांसमोर 19 वर्षं तेच करत आलो होतो.

तयारी म्हणून आम्ही काय केलं? दंग्याची तयारी केली. जादा माणसं मागवली, ढाली-हेल्मेटांवरची धूळ झटकली, कुठल्या बराकीत कोण डोकं फिरवू शकतो याची यादी केली. यादी मीच केली, 14 नावं होती. पुढं काय झालं ते बघता ही यादी म्हणजे मोठाच विनोद आहे, पण त्या वेळी मी ती फार गंभीरपणे, तीनदा खाडाखोड करून तयार केली होती.

भिंतीभिंतीवर पोस्टर लागले. खाली तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत फोन नंबर, 1800-11-2356. बंद्यानं बराकीतून हा नंबर लावला असता तर तंबाखू राहिली बाजूला, आम्ही मोबाईलचाच गुन्हा नोंदवला असता. ही चूक दोन दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात आली आणि मग नंबरवर पांढरा कागद चिकटवण्यात आला. 2018 पासून हाच नंबर पुडीवरही छापलेला असतो. मी रोज तो अंगठ्याखाली धरून पुडी फाडत होतो, वाचला कधीच नव्हता.

मे महिन्याच्या मध्यात दातांच्या डॉक्टरांचं शिबिर झालं. बराकींबाहेरच्या पत्र्याखाली खुर्ची, एक टॉर्च, आणि रांग. डॉक्टर मुलगी तिशीच्या आतली असेल. ती प्रत्येकाला एकच सांगायची, "तीन बोटं उभी करून तोंडात घाला." ज्याच्या तोंडात तीन बोटं उभी मावतात त्याचा जबडा ठीक उघडतो. सुपारी, गुटखा, मावा खाऊन आतली कातडी आवळत गेलेल्यांच्या तोंडात दोन बोटंही शिरत नव्हती. पंचविशीतला एक पोरगा एका बोटावर अडकला आणि हसायला लागला. हसतानाही तोंड तेवढंच उघडत होतं. राज्यात गुटखा 2012 पासून बंद आहे. तो टपरीवर कसा मिळतो, हे मला विचारू नका.

बंद्यांची रांग संपल्यावर कर्मचाऱ्यांची पाळी आली. माझी तीन बोटं आरामात मावली, मी जरा ऐटीतच बसलो होतो. तिनं खालचा ओठ बाहेर ओढला, टॉर्च मारला आणि विचारलं, "इथंच ठेवता ना?" आरशात दाखवलं. ओठाच्या आतल्या बाजूला, बरोबर बार बसतो तिथं, नखाएवढा पांढरट चट्टा. दुधाची साय सुकून चिकटावी तसा. पुसला तर जात नव्हता. ती म्हणाली, "अजून तरी काळजीचं दिसत नाही. पण बंद करा आणि तीन महिन्यांनी दाखवायला या. बंद केलं तर बहुतेक जातो." मी मान हलवली. त्या संध्याकाळी क्वार्टरवर जाऊन बार लावला, फक्त उजवीकडचा डावीकडे.

31 तारखेला कार्यक्रम होता. मंडप, बॅनर, शपथ. उकाडा असा की मंडपात उभ्या उभ्या युनिफॉर्मला घामाची नक्षी आली. खरी घटना मात्र त्याआधी, सकाळी साडेसहाला गेटवर झाली.

त्या दिवसापासून आत जाणाऱ्या प्रत्येकाची झडती घ्यायची होती, हुद्दा न बघता. गेटवर एक नवा शिपाई होता, नोकरीला वर्षही झालं नव्हतं. मी समोर उभा राहिल्यावर पोरगा गडबडला. "साहेब, हात वर करा" हे वाक्य त्याच्या घशातून निघेना. मग मीच हात वर केले. त्यानं खिसे चाचपले, पट्ट्याखाली बोटं फिरवली, बूट काढायला सांगू की नको अशा नजरेनं बघितलं. मी बूटही काढून दाखवले. "एकदम कडक ड्युटी करायची, काय?" असं म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारली. आणि आत गेलो.

पुडी टोपीत होती. टोपीच्या आतून कपाळाला लागणारी जी चामड्याची पट्टी असते, तिच्या मागं. साहेबाच्या डोक्यावरच्या टोपीला हात कोण लावणार?

तासाभरानं मंडपात मी बंद्यांना माईकवरून सांगत होतो की 1894 च्या कारागृह कायद्याचं कलम 42 काय म्हणतं. मनाई असलेली वस्तू आत आणली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दंड, किंवा दोन्ही. ऊन टोपीवर पडत होतं आणि चामड्यामागची तंबाखू गरम होऊन तिचा वास माझ्या मला येत होता. तो दुसऱ्या कुणाला येईल हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

दंगा झाला नाही. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. ढाली-हेल्मेटवाली मंडळी झाडाखाली बसून कंटाळली. भांडणं झाली, पण ती नेहमीची, पाण्यावरून आणि झोपायच्या पट्टीवरून. जरा जास्त झाली इतकंच. झोप कुणालाच नव्हती. रात्रीच्या राउंडला एरवी बराक घोरत असते, ती आता उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत पडलेली.

मग तिसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार धावत आले. "साहेब, संडासपाशी लई वांधा झालाय."

आमच्या बराकी 50 माणसांसाठी बांधलेल्या आहेत आणि आत दीडशेच्या वर असतात. संडास तेवढेच. सकाळचं सगळं वेळापत्रक या हिशोबावर चालतं की माणूस आत जाईल आणि तीन-चार मिनिटांत बाहेर येईल. आता जो आत जायचा तो बाहेरच येईना. सकाळी उठल्यावर एक चिमूट लावली की पोट हलतं, ही आपल्याकडे लाखो माणसांची सवय. निकोटिन आतड्याला रोज सकाळी ढुसणी देत असतं. ती ढुसणी बंद झाल्यावर अख्ख्या बराकीचं पोट एकदमच बंद पडलं. आत बसलेला कुंथतोय, बाहेर 40 जणांची रांग दार वाजवतेय, शिव्यांची लाखोली चाललीय. नाश्ता निवला, गिनती अर्धा तास लांबली, कोर्टाच्या गाड्या उशिरा सुटल्या. माझ्या यादीतल्या 14 भडकू माणसांपैकी नऊ जण त्या रांगेत पोट धरून गरीब गाईसारखे उभे होते.

दवाखान्यातला इसबगोल दीड दिवसात संपला. डॉक्टरांनी तातडीची मागणी लिहिली, 'प्रयोजन' या रकान्यात काय लिहावं म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, "कायदा व सुव्यवस्था." त्यांनी खरंच तसं लिहिलं. जेवणात पपई वाढवली, सकाळी साडेपाचला गरम पाण्याचे हंडे ठेवले. पाच आठवड्यांत आम्ही सगळा विचार केला होता, फक्त हा नव्हता. आणि ज्या अधिकाऱ्याला हे स्वतःच्या अनुभवावरून आधीच सुचायला हवं होतं, तो टोपीतल्या पुडीवर रोज सकाळी व्यवस्थित मोकळा होत होता.

चौथ्या दिवशी बराकीच्या भिंतीवर विचित्र खुणा दिसल्या. बसल्या माणसाच्या हाताच्या उंचीवर वाटीएवढे पोपडे खरवडलेले. आधी वाटलं, भिंत पोखरतायत की काय! नीट बघितलं तर फक्त चुन्याची सफेदी नखानं काढलेली होती. चहाचा चोथा उन्हात वाळवायचा, त्यात हा भिंतीचा चुना घालून तळहातावर मळायचा, थाप मारायची आणि ओठाखाली धरायचं. एकानं मला प्रात्यक्षिक करून दाखवलं. मळण्याची लकब तीच, अंगठा तसाच फिरत होता, थापेनंतरची फुंकरही तीच. "चव कशी लागते रे?" विचारलं. म्हणाला, "चव कशाला पायजे साहेब, हाताला काम लागतं." मी जप्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं. चहाचा चोथा मनाई असलेल्या वस्तूंच्या यादीत नाही.

खरी तंबाखूही होतीच, महाग झाली एवढंच. बाहेर दहा रुपयांना मिळणारी पुडी आत चिमटीनं विकली जाऊ लागली. एका चिमटीला कँटीनचे दोन बिस्कीटपुडे. कुणीतरी आणत होतं. वरून विचारणा झाली, शोध घ्यायचं काम माझ्याकडे आलं.

पाचव्या रात्री राउंड मारत होतो. एका बराकीत दाराजवळच रायगडकडचा एक म्हातारा बंदी झोपायचा. साठीच्या पुढचा, शेताच्या बांधावरून झालेल्या मारामारीतला, केस अजून उभी राहायची होती. मी त्याला काका म्हणायचो. दम्यामुळे तो बसूनच रात्र काढायचा. मी गजांना हात धरून विचारलं, "काय काका, झोप नाही?"

तो काही बोलला नाही. थोडा पुढं झुकला आणि लहान मूल जसं कुणाच्या हाताला खाऊचा वास आला तर हुंगतं, तसा माझ्या बोटांजवळ नाक आणून श्वास घेतला. मग मागं टेकून म्हणाला, "आत्ताच मळलीत जनू. चुना जरा जास्त झालाय, साहेब."

आवाजात ना तक्रार, ना टोमणा. एका माहितगारानं दुसऱ्याला सांगावं तसं. दीडशे माणसं जागी होती, किती जणांनी ऐकलं कुणास ठाऊक. मी हात गजांवरून काढला. काही बोलायला हवं होतं, सुचलं नाही. राउंड अर्धा टाकून ऑफिसमध्ये आलो आणि साबणानं दोनदा हात धुतले.

पुडी सकाळी बाहेर पडल्यावर गटारात टाकली. याला निश्चय वगैरे म्हणता येणार नाही, नुसती लाज होती. बसस्टॉपवर उभं राहून त्या नंबरला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी मराठीतच विचारलं, किती वर्षं, दिवसाला किती, सकाळी उठल्यापासून किती वेळात पहिली. "तारीख ठरवा," त्या म्हणाल्या. म्हटलं, तारीख 31 मेच होती, पण ती दुसऱ्यांसाठी होती.

औषधाच्या दुकानातून 2 मिलिग्रॅमचं निकोटिनचं च्युइंगम आणलं. बंद्यांना आम्ही ते नाकारलं होतं. गम म्हटलं की जेलरला आधी कुलूप आठवतं. किल्लीच्या भोकात कोंबलं तर काय करता? नाकारणारा मीच होतो. हे गम सतत चघळायचं नसतं. थोडं चावायचं, तिखट झणका आला की थांबायचं आणि हिरडी आणि गालाच्या मध्ये दाबून ठेवायचं. म्हणजे पवित्रा तोच! आणि खायच्या आधी पंधरा मिनिटं चहा नाही. जेलच्या ड्युटीत चहा नसलेली सलग पंधरा मिनिटं शोधून दाखवा.

पहिले तीन दिवस मी माणसात नव्हतो. बायकोनं पोरांना घेऊन डोंबिवलीला बहिणीकडे मुक्काम हलवला, जाताना म्हणाली, "तुम्ही माणसात आलात की फोन करा." पोटाचं म्हणाल तर, बराकीत जे झालं ते क्वार्टरमध्येही झालं. आमच्या संडासाबाहेर रांग नव्हती एवढीच सोय.

नवव्या दिवशी गेटवर डबा पकडला गेला. भाताच्या खाली प्लास्टिकमध्ये सहा पुड्या. पकडणारा तोच नवा शिपाई. डबा आमच्याच एका जुन्या शिपायाचा, ज्याच्याबरोबर मी कित्येक रात्री एकाच पुडीतून मळली होती. तो माझ्याकडे बघत राहिला. "साहेब, तुम्हाला तर ठाऊकच हाय." अहवाल मला लिहायचा होता. लिहिला. निलंबन झालं. तो विकायला नेत होता, मी स्वतःला खायला नेत होतो, हा फरक मी स्वतःला पुष्कळदा सांगितला आहे. अहवालात टोपीचा उल्लेख नाही. मात्र त्यानंतर मी गेटवर टोपी काढून उलटी करून दाखवायला लागलो आणि पाहता पाहता सगळेच अधिकारी टोप्या उलट्या करायला लागले. त्यांना वाटलं, नवा नियम आहे.

जूनचा पाऊस सुरू झाल्यावर बराक हळूहळू घोरायला लागली. महिन्याभरात दवाखान्याचा इसबगोल पुन्हा उरू लागला. तंबाखू संपली असं मी म्हणणार नाही. चिमूट अजून निघते कधीमधी. पण भिंतीवरचे पोपडे थांबले. मी गणपतीत गावाला गेलो तेव्हा चुलतभावाच्या हातावरची एक चिमूट घेतली, घेरी येऊन ओट्यावर बसलो. त्यानंतर आजपर्यंत नाही. तीन महिन्यांनी त्या डॉक्टर मुलीनं पुन्हा ओठ ओढून टॉर्च मारला. चट्टा फिका झाला होता, पुरता गेला नव्हता. पुन्हा तीन महिन्यांची तारीख दिली आहे.

दिवाळीच्या आधी काकांना जामीन झाला. सुटणाऱ्याचं जमा सामान गेटवर नोंदवहीत बघून परत द्यायचं असतं. त्या संध्याकाळी मीच ड्युटीवर होतो. पाकिटात रोख 340 रुपये, एक मनगटी घड्याळ, बंद पडलेलं, आणि 'चुन्याची डबी, पितळी, एक'. तंबाखू आत येतानाच फेकलेली होती. डबी पितळेची म्हणून जमा झाली असणार. काकांनी अंगठा उठवला, घड्याळ न बघताच खिशात टाकलं आणि डबीचं झाकण नखानं उघडलं. आतला चुना वाळून दगड झाला होता. त्यांनी डबी कानाशी नेऊन हलवली. खुळखुळ वाजली.

"पानी घातलं की व्हतोय परत," ते म्हणाले.

मी सहीसाठी वही पुढं केली. छोटा दरवाजा उघडला, ते वाकून बाहेर पडले. समोरच्या रस्त्यापलीकडे टपरी आहे. ते तिकडे वळले की बसस्टॉपकडे, हे बघायला मी थांबलो असतो, पण तेवढ्यात कोर्टाच्या गाडीनं मागं हॉर्न दिला आणि मला मोठं गेट उघडायला लावावं लागलं.